विसाव्याचे वीस रुपये

 

आज आम्ही फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. जपानच्या डोंगरात गरम पाण्याची गावं आहेत, लोक तिथे विसाव्याला जातात. त्या गावांबद्दल बोलू, आणि आपल्या सालबर्डीबद्दल, चिखलदऱ्याबद्दलही बोलू. तुमच्यातली एखादी म्हणेल, "काय बाप्पा ह्या बाया! इथे वेचून वेचून कंबर मोडली, अन् ह्या जपानच्या गोष्टी सांगून रायल्या." तर बाई, कंबर मोडली म्हणूनच सांगतोय.

आमचा गट परतवाड्याजवळच्या खेड्यातला, बारा जणींचा. एका बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले आणि आम्ही सहज एक प्रश्न टाकला. मागच्या पाच वर्षांत तुम्ही घराबाहेर रात्र कुठे काढली? एकेक जण सांगू लागली. माहेरी, भावाच्या पोरीच्या लग्नात. नणंदेकडे तेरवीला. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्यात. एक-दोघी यात्रेला. मग विचारलं, तिथे काय केलं? उत्तर सगळ्यांचं एकच. पोळ्या केल्या, भांडी घासली, लेकरं सांभाळली. यात्रेला गेलो तरी पीठ, तेल, गंज आपल्याच डोक्यावर. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "मले त आराम दवाखान्यातच भेटला. पिशवीचं ऑपरेशन झालं तवा आठ दिवस खाटेवर होती. तेवढाच जल्मातला आराम." सगळ्या हसल्या. मग हसणं थांबलं आणि कोणी काही बोललं नाही.

त्याच दिवसांत आमच्या एका ताईची भाची जपानातून फोनवर बोलली. म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याच्या नोकरीवर ती तिकडे आहे. सुट्टीत ती कुसात्सु नावाच्या गावी जाऊन आली होती. फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्या जणी भोवती बसल्या. ती जे सांगत होती ते ऐकून आम्ही मग आणखी माहिती वाचून काढली. तीच तुम्हाला सांगतो.

कुसात्सु हे डोंगरातलं गाव. उंची समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर. आपला चिखलदरा १११८ मीटर, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्या उंचीवर. पण कुसात्सुच्या पोटातून गरम पाणी आपोआप वर येतं, मिनिटाला ३२ हजार लिटरपेक्षा जास्त. दोनशे लिटरचा ड्रम धरला तर मिनिटाला एकशे साठ ड्रम! गावाच्या मध्यभागी लाकडी पन्हळींच्या रांगा केल्या आहेत. त्यांतून पाणी खेळवतात आणि थोडं निववतात. त्या जागेला ते 'युबाताके' म्हणतात. शब्दाचा अर्थच गरम पाण्याचं शेत. आपल्याकडे हळदीची शेतं, संत्र्याचे बगीचे, तिकडे पाण्याचं शेत.

काही ठिकाणी पाणी इतकं कढत असतं की त्यात उतरता येत नाही. त्यात गार पाणी ओतलं तर पाण्यातले खनिज पातळ होतात, म्हणून ते ओतत नाहीत. बाया लांब लाकडी फळ्या घेऊन पाणी ढवळतात, गाणं म्हणत, एका तालात. आपण जात्यावर, कांडपाला गाणी म्हणत होतो तसंच. ह्या ढवळण्याला 'युमोमी' म्हणतात. आता ते पाहायला पाहुणे तिकीट काढून येतात.

गरम पाण्याच्या झऱ्याला जपानी भाषेत 'ओन्सेन' म्हणतात. तिकडे असे सत्तावीस हजारांहून जास्त झरे आहेत, कारण तो देशच ज्वालामुखींचा. त्यांचा १९४८ सालचा कायदाही आहे. कोणत्या पाण्याला ओन्सेन म्हणायचं, हे त्यात लिहिलं आहे. जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असावं, नाही तर त्यात ठरवून दिलेली खनिजं असावीत.

न्हाण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. बायांचं न्हाणीघर वेगळं, पुरुषांचं वेगळं. आधी छोट्या पाटावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, केस बांधायचे, मगच कुंडात उतरायचं. कुंडात साबण नाही, कपडा नाही, गोंगाट नाही. पाण्यात सगळ्या सारख्या. मालकीण कोण, मोलकरीण कोण, पाण्याला कळत नाही. अशा सोबत न्हाणाऱ्यांच्या मोकळ्या नात्याला जपानी भाषेत खास शब्दच आहे. भाचीने हे सांगितलं तेव्हा आमच्या एका मावशीने पदर तोंडाला लावला. "अव माय, काहीच आंगावर नाही?" भाची म्हणाली, "मावशी, पहिल्या दिवशी मलेही लाज वाटली. मग पाहिलं, कोणी कोणाकडे पाहूनच नाही रायलं."

पण आमच्या मनात बसली ती ह्याहून वेगळी गोष्ट. जपानचे शेतकरी फार पूर्वीपासून ह्या झऱ्यांवर जातात. भाताची कामं उरकली, शरीर थकलं, की उत्तरेकडच्या खेड्यांतली माणसं आपले तांदूळ सोबत घेऊन डोंगरातल्या गरम पाण्याच्या गावी जायची. स्वस्तातली खोली घ्यायची, तिथल्या सामाईक चुलीवर आपलं शिजवायचं आणि आठवडा, कधी दोन-तीन आठवडे राहायचं. दिवसातून दोन-तीनदा पाण्यात बसायचं आणि झोपायचं. ह्याला 'तोजी' म्हणतात. ही श्रीमंतांची चैन नव्हती. चिखलात वाकून लावणी करणारी माणसं पुढच्या हंगामासाठी शरीर तयार करत होती. आपण पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतो, खांद्याला तूप-हळद लावतो, त्या दिवशी त्याच्याकडून काम घेत नाही. बैलाचा विसावा आपल्या पंचांगात आहे. बाईचा कोणत्या पानावर आहे?

आता कोणी म्हणेल, जपानात ज्वालामुखी आहेत, आपल्याकडे काय? आपल्याकडेही ऊन पाणी आहे. आपण वऱ्हाडात गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतो ना, तोच शब्द गावांच्या नावांत बसला आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर, जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे उनपदेव, कोकणात दापोलीकडे उन्हवरे. ठाणे भागात वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं तर सगळ्यांना ठाऊक आहेत. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, मध्यप्रदेशच्या हद्दीला लागून सालबर्डी. महाशिवरात्रीला जिथे महादेवाची मोठी यात्रा भरते, तीच सालबर्डी. महानुभाव परंपरा सांगते की चक्रधर स्वामींनी ह्याच डोंगरात तप केलं. तिथे गरम पाण्याचा झरा आहे.

आपल्या इथे जिवंत ज्वालामुखी नाही, मग पाणी तापतं कशाने? सातपुड्याच्या पायथ्याने जमिनीत खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली खाली मुरतं. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. खोलवर तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. चूल आपल्या पायाखालीच आहे, फक्त फार खोल आहे.

हे सगळं ऐकून आमच्या गटात पहिल्यांदा विषय निघाला, की आपणही एक दिवस जाऊ. लगेच भांडण लागलं. एक ताई म्हणाली, "गटाचा पैसा कर्जासाठी असते, फिरण्यासाठी नाही." दुसरी म्हणाली, "फिरता निधी आला ना आपल्याले, मंग फिरू." सगळ्या हसल्या, पण तिथेच आम्ही पक्कं सांगितलं. फिरता निधी म्हणजे फिरायचा निधी नव्हे. तो पैसा हातोहात फिरला पाहिजे, कर्ज म्हणून जायला आणि व्याजासकट परत यायला. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड ह्यांना हात लावायचा नाही. पंचसूत्री मोडायची नाही.

मग ठरलं, वेगळी पेटी करायची. दर आठवड्याला एकीचे वीस रुपये. चाळीस आठवड्यांत एकीचे आठशे होतात, बारा जणींचे नऊ हजार सहाशे. ठरावाच्या वहीत ठराव लिहिला. सचिव ताईने विचारलं, "कशासाठी म्हणून लिहू? सहल लिहू का?" बऱ्याच वेळाने एक आजी म्हणाल्या, "विसावा लेय." तोच शब्द लिहिला. आमच्या वहीत कर्ज लिहिलेलं होतं, शेळी होती, शिलाई मशीन होती, पोरांची फी होती. विसावा त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला गेला.

पहिल्या वर्षी सालबर्डीला गेलो, एका दिवसाचं. तिसरी वेचणी झाली होती आणि हरभरा सोंगायला अवकाश होता. परतवाड्याहून चांदूर बाजार, मोर्शी करत भाड्याच्या गाडीने पोचलो. नियम एकच केला होता, त्या दिवशी कोणी स्वयंपाक करायचा नाही, घरून डबाही आणायचा नाही. जेवण वाटेतल्या एका बाईच्या खानावळीतून बांधून घेतलं आणि तिने सांगितले तेवढे पैसे दिले, घासाघीस केली नाही.

झऱ्यावर गेल्यावर प्रश्न आला. उघड्यावर लुगडं ओलं करून न्हायचं कोणाच्याच मनात नव्हतं. आपल्याकडे नदीवर, कुंडावर बाई न्हाते ती अंगावरच्या कपड्यांनिशी, मग ओल्या लुगड्यात काकडत आडोसा शोधते. तेव्हा भाचीने सांगितलेली एक गोष्ट कामी आली. जपानच्या पुष्कळ गावांत रस्त्याच्या कडेला गरम पाण्याची पाट असते आणि तिच्याजवळ बाकडी. कपडे न काढता नुसते पाय पाण्यात सोडून बसायचं. त्याला 'आशियु' म्हणतात, म्हणजे पायांचं न्हाणं. आम्हीही तेच केलं. लुगडं पोटरीपर्यंत घेतलं आणि पाय ऊन पाण्यात सोडले. कापसाच्या धुऱ्यांवर फिरून भेगाळलेल्या टाचा, बोंडांच्या टोकांनी चिरलेली बोटं. पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एक काकू म्हणाली, "पायालेही जीव असते वो."

दुसऱ्या वर्षी चिखलदऱ्याला रात्रभर राहायचं ठरलं. आता खरी अडचण आली. दिवसाचं जाणं घरच्यांनी सोसलं होतं, रात्रीचं कसं सोसणार? एका ताईच्या सासूबाईंनी सरळ विचारलं, "बायाच बाया रातच्या कुठी रायतीन? लोकं काय म्हणतीन?" त्यांचं वय पंचाहत्तरच्या वर. आम्ही म्हटलं, "आजी, तुम्हीच चाला. आमच्यासंग मोठं माणूस होईल. अन् तुम्हाले त एसटीचं तिकीटही नाही." पंचाहत्तर वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे आणि बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट. आजीने दोन दिवस विचार केला आणि आपली पिशवी भरली. सुनेला अडवायला आलेली सासू सुनेच्या बाजूच्या सीटवर बसून निघाली.

दुसरी अडचण ह्याहून मोठी होती. गटातल्या दोघी रोजाने जाणाऱ्या, घरी शेत नाही. त्यातली एक म्हणाली, "वीस रुपये देल्ले मी. पण दोन दिवसाची रोजी बुडीन, ते कोण देईन?" खरं होतं. ज्या बाईला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, तिलाच तो सगळ्यात महाग पडतो. दोन बैठका ह्यावरच गेल्या. कोणी म्हणालं, त्यांनी राहू द्यावं. कोणी म्हणालं, मग आपण कशाचा गट? शेवटी सगळ्या जणी एक दिवस गुत्त्याने तूर सोंगायला गेलो, शेतवाल्या बायाही गेल्या. ती सगळी मजुरी पेटीत टाकली आणि त्यातून दोघींची दोन दिवसांची रोजी भरून काढली. एवढं करूनही एकच येऊ शकली. दुसरीच्या नवऱ्याने जाऊ दिलं नाही. तिचे पैसे पेटीत तिच्या नावाने जमा आहेत, वहीत तिचं नाव आहे, आणि दर बैठकीत ते नाव वाचलं जातं.

परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर. धामणगाव गढी सोडलं की घाट सुरू होतो. आजी खिडकीला बसल्या होत्या. "जल्मभर आंगणातून पायला हा पहाड," त्या म्हणाल्या, "वर काय हाय ते आज पायते." वर भीमकुंड पाहिलं. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, अशी गोष्ट लोक सांगतात. कॉफीची झाडंही पाहिली. आपल्या विदर्भात कॉफी पिकते हे अर्ध्या जणींना ठाऊकच नव्हतं. गाविलगडाच्या भिंती पाहिल्या. पण तुम्हाला सांगायची आहे ती रात्रीची गोष्ट.

चिखलदऱ्याला गरम पाण्याचा झरा नाही, पण थंडी आहे. जिथे उतरलो होतो तिथे जेवण करणाऱ्या बायांना आम्ही गरम पाणी मागितलं. त्यांनी बादल्या, घमेली भरून दिली. आम्ही व्हरांड्यात गोल बसून पाय पाण्यात सोडले, अंगावर चादरी घेतल्या. आमचं आशियु! कोणाला उठायचं नव्हतं. कोणाचं दूध उतू जात नव्हतं, कोणी "चहा" म्हणून हाक मारत नव्हतं. हात रिकामे होते. आणि हात रिकामे झाले की बाई बोलते.

एका ताईने सांगितलं, तिचं अंग बाहेर येतं. सहा वर्षांपासून. चालताना, ओझं उचलताना, वेचताना. तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नाही, आम्हालाही नाही. दर आठवड्याला आमच्या शेजारी बसून ती हप्ता भरत होती. हे आम्ही तिच्या परवानगीने सांगतोय. तीच म्हणाली, "सांगा, दुसऱ्या बाया तरी लवकर जातीन दवाखान्यात." तिचं ऐकून आणखी एक काकू हळूच म्हणाली, "मलेही होते." बाराजणींत दोघी. पुढच्याच आठवड्यात गटातल्या दोघी जणी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेल्या. आता एकीचा व्यायाम आणि औषध सुरू आहे, दुसरीला ऑपरेशन सांगितलं आहे आणि त्यासाठी गटाने कर्ज मंजूर केलं आहे.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. जास्त बाळंतपणं, बाळंतपणानंतर लवकरच उचललेली जड ओझी, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ, ह्यांनी गर्भाशय धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि अंग खाली येतं. ही लाजेची गोष्ट नाही, पापाची तर नाहीच नाही. सुरुवातीला व्यायामाने फरक पडतो. काही जणींना डॉक्टर आतून रिंग बसवतात, काहींना ऑपरेशन लागतं. लपवलं तर वाढत जातं. आशा ताईला सांगा, दवाखान्यात जा.

आम्ही वर्षभर आरोग्यावर बैठका घेतल्या होत्या. तक्ते दाखवले होते, "काही त्रास असेल तर सांगा" असं दर वेळी म्हटलं होतं. कोणी सांगितलं नाही. जे बैठकीच्या सतरंजीवर निघालं नाही, ते गरम पाण्यात पाय सोडल्यावर निघालं. म्हणून आम्ही म्हणतो, विसावा ही चैन नाही. दुखणं बोलायलाही बाईला जागा लागते, वेळ लागतो आणि सोबत लागते.

आता एक गोष्ट विसरून चालणार नाही. एकीचा विसावा दुसरीच्या कष्टावर उभा असतो. जपानच्या जुन्या सराया बहुतेक बाईच चालवते. तिला 'ओकामी' म्हणतात. पुष्कळ घरांत सासू हे काम सुनेच्या हाती देते. पाहुण्यांच्या आधी उठायचं, त्यांच्यानंतर झोपायचं. जेवण वाढणाऱ्या, गाद्या घालणाऱ्या बायाही दिवसभर पायांवर. चिखलदऱ्याला ज्या बायांनी आम्हाला पाणी तापवून दिलं, त्याही दिवसभर राबलेल्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना आमच्यात बसवलं, पाणी आम्ही तापवलं. आणि त्यांचे पैसे पूर्ण दिले. बाई पाहुणी म्हणून जाते तेव्हा ती दुसऱ्या बाईचं गिऱ्हाईक असते. तिथे तरी घासाघीस करू नका.

ज्या गटांना चिखलदऱ्याच्या, सालबर्डीच्या, बहिरमच्या रस्त्यावर काही विकायचं आहे, त्यांच्यासाठी जपानची आणखी दोन गावं सांगतो. हिजिओरी नावाचं गाव डोंगरात आहे. नावाचा अर्थ मोडलेलं कोपर. मोडलेलं कोपर तिथल्या पाण्याने बरं झालं अशी कथा आहे. तिथे बर्फाचे दिवस सोडले तर रोज पहाटे बाजार भरतो. आसपासच्या शेतकरी बाया भाजी, रानभाजी, लोणची घेऊन बसतात. तोजीला आलेले पाहुणे स्वतः शिजवतात, म्हणून त्यांना भाजी लागते. पाहुण्याला काय लागतं ते बायांनी ओळखलं. दुसरं गाव कुरोकावा. तिथल्या काही सरायांना उघड्यावरचं कुंड करायला जागा नव्हती, म्हणून त्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नव्हतं. १९८६ साली सगळ्यांनी मिळून लाकडाची गोल चकती काढली. ती एकदा विकत घेतली की पाहुण्याला कोणत्याही तीन सरायांच्या कुंडांत न्हाता येतं. एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायचं सोडून त्यांनी गावालाच एक सराय मानलं. आपल्याकडे एका रस्त्यावर चार गट पापड-लोणच्याचे चार स्टॉल लावतात आणि एकमेकींचा भाव पाडतात. त्याऐवजी एकीने भाकर-ठेचा, दुसरीने संत्र्याचा रस, तिसरीने हळद-तिखट असं वाटून घेतलं तर? ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय ठेवा.

ज्यांना लगेच कुठे जाणं शक्य नाही, त्यांनी घरीच घमेल्यात पाय शेकावेत. पाणी आधी कोपराने तपासा. सोसेल इतकंच ऊन हवं, कढत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग पाय कोरडे करा, बोटांच्या मधली जागाही पुसा आणि टाचांना तेल लावा. थकवा उतरतो, आखडलेले स्नायू सैल होतात. पण ऊन पाण्याने रोग बरे होतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायांना चटका कळेलच असं नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नये. पायाला जखम असेल, ताप असेल, तर नको. गरोदर बायांनी आणि हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असणाऱ्यांनी गरम कुंडात गळ्यापर्यंत बसू नये.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पहिली, पेटी वेगळी ठेवा आणि तिचा हिशोब वेगळा लिहा. वीस जमत नसतील तर पाच ठेवा. दुसरी, जिची रोजी बुडते तिचं काय, हे जायच्या आधी ठरवा, नंतर नाही. तिसरी, त्या दिवशी गटातली कोणीही स्वयंपाक करणार नाही. आमच्या घरी दोन दिवस काय झालं असं पुष्कळ जणी विचारतात. काही झालं नाही. एका घरी खिचडी झाली, एका घरी पोराने पोहे केले, एका घरी शेजारहून कालवण आलं. कोणी उपाशी राहिलं नाही.

परतीच्या एसटीत आजी सुनेला म्हणाल्या, "पुढच्या साली सालबर्डीले मलेही ने. माहेही वीस रुपये धर." वहीत आता तेरावं नाव लिहिलं आहे. बाराव्या नावासाठी आम्ही तिच्या घरी पुन्हा जाणार आहोत, ह्या वेळी आजींना सोबत घेऊन.

तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा.